फ्लॉरेन्समधे लेदर, कपडे आणि घरासाठीच्या वस्तू नक्की कुठे घ्यायच्या? जरा सविस्तर सांगते

प्रश्न असा होता की ऑक्टोबरमधे चार दिवस फ्लॉरेन्सला येतोय, नवरा आणि सासूबाई सोबत आहेत, एक लेदर जॅकेट, एक चांगली बॅग आणि नव्या घरासाठी काहीतरी टिकाऊ घ्यायचंय, खरेदीसाठी ८०० युरो बाजूला ठेवलेत, आणि सगळे म्हणतात सान लोरेंझोच्या बाजारात जा, तिथे सगळं स्वस्त मिळतं, तर ते कितपत खरं. मी मूळची कोल्हापूरची, या गावात १६ वर्षं राहतेय आणि माझं कामच हे आहे, भारतातल्या छोट्या दुकानांसाठी लेदरच्या वस्तू आणि घरगुती कापड शोधायचं, तपासायचं, पाठवायचं. त्यामुळे उत्तर लांबेल, पण चार दिवस हातात असताना चुकीच्या गल्लीत अर्धा दिवस गेला की फार वाईट वाटतं म्हणून सगळं लिहिते.

आधी त्या बाजाराचंच. सान लोरेंझोचे स्टॉल म्हणजे मेर्कातो चेन्त्राले या मोठ्या लोखंडी मंडईच्या भोवती, व्हिया देल्लारिएन्तोमधे (व्हिया म्हणजे रस्ता) आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत लागलेल्या गाड्या. जा जरूर, मंडईची इमारत १८७४ सालची आहे आणि आत खायला छान मिळतं, पण लेदर जॅकेट तिथून घेऊ नका एवढं ऐका. बराचसा माल तिथे बनलेला नसतो, चार स्टॉलवर तीच बॅग चार रंगांत दिसते, आणि तुम्ही नुसतं बघायला थांबलात की माणूस लायटर काढतो आणि बॅगेला ज्योत लावून दाखवतो की बघा, जळत नाही म्हणजे खरं लेदर. त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. मी पहिल्या हिवाळ्यात अशाच एका स्टॉलवरून लाल जॅकेट घेतलं होतं, फार खुशीत होते, आणि पहिल्याच पावसात कॉलरचा रंग उतरून पांढऱ्या स्वेटरच्या गळ्याला लागला. परत गेले तर पावती नव्हती, आणि स्टॉलवरचा माणूसही वेगळा होता. त्या दिवसापासून पावती घेतल्याशिवाय मी काही घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. इथे पावतीला स्कोन्त्रीनो म्हणतात, वस्तूत दोष निघाला तर दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी दुकानदारावर असते पण वस्तू तिथूनच घेतली हे पावती असली की सहज दाखवता येतं. नुसतं मन बदललं म्हणून दुकानातली वस्तू परत घ्यायला मात्र ते बांधील नसतात, ते आधी विचारून ठेवा.

स्टॉलवरून घ्यायचंच असेल तर स्कार्फ घ्या, छोटी पाकिटं घ्या, किल्ल्या अडकवायचं काही घ्या, नातेवाईकांना द्यायला ते बरं पडतं. तिथे थोडी घासाघीस चालते, दुकानात चालत नाही.

आता लेदर कसं ओळखायचं ते सांगते कारण एकदा हे कळलं की दुकानाचं नाव कुणाला विचारावं लागत नाही. फ्लॉरेन्स आणि पिसाच्या मधे आर्नो नदीकाठी सान्ता क्रोचे सुल्लार्नो आणि पोन्ते आ एगोला अशी चामडं कमावणारी गावं आहेत. तिथे अजूनही झाडाच्या सालीच्या आणि लाकडाच्या अर्कात चामडं कमावतात, चेस्टनट, केब्राचो आणि मिमोसा, आणि मिमोसा म्हणजे आपल्या बाभळीच्याच कुळातलं झाड. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात ना, त्याचाच हा भाऊबंद. मी पहिल्यांदा तिथल्या कारखान्यात शिरले तेव्हा तो वास ओळखीचा वाटला आणि मला घरच्या गल्लीचीच आठवण झाली. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं झटपट तयार होतं आणि जगातलं बहुतेक लेदर तसंच असतं, त्यात वाईट काही नाही, मऊ असतं, जॅकेटला तेच चांगलं. पण बॅग, पट्टा, पाकीट घेताना सालीत कमावलेलं मागा, ते वर्षानुवर्षं वापरून गडद आणि सुंदर होत जातं. दुकानात शब्द विचारायचा, कोंचा वेजेताले. या कारखान्यांचा एक संघ आहे, ज्या वस्तूत त्यांचं लेदर असतं तिच्यासोबत नंबर असलेलं हमीपत्र देतात, ते आहे का विचारा.

बॅग हातात घेतली की मी काय करते सांगते. आधी नाकाशी धरते, सालीतल्या चामड्याला लाकडासारखा, जरा गोडसर वास येतो, प्लास्टिक किंवा केमिकलचा वास आला की ठेवून देते. मग पट्ट्याची कड बघते. स्वस्त मालात कडेला रबरासारखा रंगाचा जाड थर फासलेला असतो, नखाने जरा दाबलं की त्याची किनार उचलते, आणि चांगल्या कामात कड घासून घासून गुळगुळीत केलेली असते किंवा रंग पातळ थरांत चढवलेला असतो. मग पट्टा दुमडते, दुमडलेल्या जागी रंग किंचित फिका होतो आणि सोडला की परत येतो, असं झालं तर वरचा थर जिवंत आहे, आणि दुमडल्यावर बारीक तडे दिसले तर वर नुसता कोटिंगचा पापुद्रा आहे. शेवटी आतली बाजू, जिथे शिलाई संपते तिथे दोरा कसा बांधलाय ते, कारण घाई झाली असेल तर ती नेमकी तिथेच दिसते. लेबलवर वेरा पेल्ले लिहिलेलं असतं आणि शेजारी पसरलेल्या चामड्याच्या आकाराची खूण असते. पण वेरा पेल्ले म्हणजे एवढंच की ते खरं चामडं आहे, चांगलं आहे असं नाही. पिएनो फिओरे म्हणजे कातडीचा सगळ्यात वरचा, न घासलेला थर, तो उत्तम, आणि क्रोस्ता म्हणजे खालचा चिरून काढलेला थर, त्यावर बऱ्याचदा कोटिंग मारून विकतात. आणि बुटांच्या तळाशी किंवा खोक्यावर छोटी चित्रं असतात, वरचा भाग, अस्तर, तळ, तिन्हींसाठी वेगवेगळी. चामड्याच्या आकाराचं चित्र म्हणजे लेदर, त्याच चित्रात मधे पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार म्हणजे कोटिंग केलेलं लेदर, आणि नुसता तो चौकटचा आकार म्हणजे दुसरं काहीतरी, बहुतेक रबर नाहीतर प्लास्टिक. सगळ्या युरोपात हीच चित्रं चालतात, एकदा लक्षात ठेवली की कुठेही उपयोगी पडतात.

मेड इन इटली वाचून लगेच भाळू नका. त्याचा अर्थ शेवटचं महत्त्वाचं काम इटलीत झालंय, चामडं किंवा कापड बाहेरून आलेलं असू शकतं. शंभर टक्के मेड इन इटली असं लिहायचं असेल तर मात्र डिझाइनपासून पॅकिंगपर्यंत सगळं इथेच झालेलं असावं लागतं, २००९ पासून तसा कायदा आहे.

मग जायचं कुठे. माझं पहिलं उत्तर नेहमी तेच असतं, स्कुओला देल कुओयो. फ्लॉरेन्समधल्याच सान्ता क्रोचे चर्चच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या महायुद्धानंतर अनाथ झालेल्या मुलांना हाताला काम मिळावं म्हणून तिथल्या फ्रान्सिस्कन साधूंनी आणि लेदरचं काम करणाऱ्या दोन घराण्यांनी मिळून १९५० मधे सुरू केलेली शाळा आहे ही, आणि अजून चालू आहे. साधूंच्या जुन्या निवासाच्या लांब दालनात कारागीर बसून काम करतात, तुम्ही समोर उभं राहून बघू शकता, आणि घेतलेल्या वस्तूवर नावाची अक्षरं सोनेरी ठशाने उठवून देतात. सासूबाईंना पाकीट किंवा चष्म्याचं केस घेतलंत तर त्यांच्यासमोर त्यांच्या नावाचं अक्षर उमटेल, मोठ्या दुकानात हे होत नाही. स्वस्त नाहीये, पण तुमच्या बजेटमधली बॅग मी इथूनच घेईन. व्हिया सान जुझेप्पेमधल्या बागेच्या दारातून आत जा, चर्चचं तिकीट लागत नाही.

पत्ते शोधताना एक गोष्ट, हे नाही कळलं तर फार फिरायला होतं. या गावात प्रत्येक रस्त्यावर घरांचे नंबर दोन प्रकारचे असतात, दुकानांचे लाल आणि राहत्या घरांचे निळे किंवा काळे, आणि दोन्ही स्वतंत्र चालतात. म्हणजे लाल १५ आणि निळा १५ यांच्यात शंभर पावलांचं अंतर असू शकतं. पत्त्यात आकड्यापुढे बारीक आर असेल तर तो रोस्सो, म्हणजे लाल.

जॅकेटबद्दल स्पष्ट सांगते, ६० युरोला खऱ्या कोकराच्या लेदरचं चांगलं जॅकेट होत नाही, हिशोबच बसत नाही. त्यासाठी बजेटमधले निम्मे तरी ठेवा, नाहीतर जॅकेट सोडून द्या आणि तेच पैसे बॅग आणि बुटांवर घाला. पुण्यामुंबईच्या हवेत वर्षातून किती दिवस घालणार तेही एकदा मनाशी बोलून घ्या. घ्यायचंच ठरलं तर पाठीचा भाग बघा, अखंड एका तुकड्याचा असेल तर चांगलं, जितके जास्त छोटे तुकडे जोडलेले तितकं ते उरलेल्या चामड्यातून बनवलेलं. हात वर करून बघा, काखेत ओढतं का ते, आणि अस्तर आतून फक्त चिकटवलंय का शिवलंय ते. बायकांचे इटालियन साइज ४०, ४२, ४४ असे असतात, यूकेच्या साइजमधे साधारण ३२ मिळवा, म्हणजे यूके १० ला इथला ४२. तरी आकड्यावर जाऊ नका, घालूनच बघा, इथली बेतणी खांद्यात अरुंद असते.

आता नदी ओलांडा. पोन्ते वेक्कियो या जुन्या पुलावरून जाताना दोन्ही बाजूला सोनारांची दुकानं दिसतील, आधी तिथे खाटीक होते, १५९३ मधे इथला राज्यकर्ता ग्रँड ड्यूक फेर्दिनान्दो पहिला याने वासाला कंटाळून त्यांना काढलं आणि सोनार बसवले. काम बघण्यासारखं आहे, पण इथलं सोनं साधारणपणे १८ कॅरेटचं, शिक्का ७५० चा. आपल्या २२ कॅरेटच्या ९१६ ची सवय असलेल्या सासूबाईंना हे आधी सांगून ठेवा, कारण तुम्ही नुसत्या सोन्याच्या वजनाचे नाही, घडणावळीचेही पैसे देताय, परत मोडताना ते मिळणार नाहीत.

पूल संपला की लगेच व्हिया ग्विच्चार्दीनीवर मादोवा म्हणून हातमोज्यांचं चिमुकलं दुकान आहे, १९१९ पासून ते एकच काम करतात. तिथे काउंटरवर एक छोटी उशी असते, तुम्ही कोपर त्यावर टेकवायचं, हात वर, आणि दुकानातली बाई तुमच्या पंजाकडे नुसतं बघून साइज सांगते, हातमोजा बोटांवरून एकेक करून खाली ओढते, मग तळव्यावरून अंगठ्याने दाबत मनगटापर्यंत बसवते. अस्तर रेशमाचं, लोकरीचं, काश्मिरी लोकरीचं किंवा काहीच नाही, असे पर्याय असतात. भारतात हातमोजे कशाला असं वाटेल, पण दिल्लीची थंडी, लेह, परदेशी राहणारी मुलं, कोणीतरी असतंच. मी आजवर ज्यांना ज्यांना दिलेत त्यातल्या कुणाचे अजून फाटलेले नाहीत.

ओल्त्रार्नो, म्हणजे नदीपलीकडचा भाग, हे माझं खरं उत्तर आहे. सान्तो स्पिरितो, सान फ्रेदियानो, व्हिया माज्जो, व्हिया रोमाना. इथे सोनेरी मुलामा देणारे, फ्रेम बनवणारे, पुस्तकं बांधणारे, जुनं फर्निचर दुरुस्त करणारे अजून दार उघडं टाकून काम करतात. पूर्वीपेक्षा कमी झालेत, भाडं परवडत नाही म्हणून दरवर्षी एखादं शटर कायमचं खाली येतं आणि तिथे सामान ठेवायचं लॉकर नाहीतर पर्यटकांसाठीची खोली होते, ते बघताना जीव तुटतो. म्हणूनच म्हणते इथे पैसे खर्च करा. आत शिरताना बोनजोर्नो, म्हणजे नमस्कार म्हणायचं, वस्तूला हात लावायच्या आधी पोस्सो, म्हणजे बघू का असं विचारायचं, एवढ्याने माणूस खुलतो आणि मग तो स्वतः कपाटातून काढून दाखवायला लागतो. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सान्तो स्पिरितोच्या चौकात जुन्या वस्तू आणि हस्तकलेचा बाजार असतो, तिसऱ्या रविवारी शेतकरी आणि कारागिरांची फिएरूकोला नावाची जत्रा. तुमच्या तारखांमधे यातला एखादा येतो का बघा.

मार्बल पेपर इथलाच घ्या. पित्ती राजवाड्याजवळ जुल्यो जान्निनी हे घराणं १८५६ पासून हे काम करतंय. ट्रेमधे घट्टसर पाणी, त्यावर रंगाचे थेंब, मग कंगव्याने ओढून मोरपिसासारखी नक्षी, आणि कागद वरून अलगद टेकवून उचलला की ती नक्षी कागदावर. पाण्यावरची नक्षी एकदाच उचलता येते, म्हणून प्रत्येक कागद वेगळा असतो. एक मोठा कागद घ्या, गुंडाळीत घालून आणा आणि घरी फ्रेम करा, नव्या घराच्या भिंतीसाठी यापेक्षा चांगलं आणि हलकं काही सुचत नाही.

घरासाठी कापड घ्यायचं तर नदीच्या याच काठावर, लुंगार्नो तोर्रिज्यानीवर बुसात्तीचं दुकान आहे, आंग्यारी गावचं १८४२ पासूनचं विणकर घराणं, लिनन आणि सुताचे टेबलक्लॉथ, टॉवेल, पडद्याचं कापड. हात लावला की सोलापुरी चादरीतला तो भरीव विणीचा दणकटपणा आठवतो, फक्त रंग इथले शांत. निघायच्या आधी घरचं टेबल आणि गादी सेंटीमीटरमधे मोजून फोनमधे लिहून ठेवा, दुकानात उभं राहून शेजारच्यांना फोन करून मोजायला लावणारे मी फार बघितलेत. भरतकाम आवडत असेल तर व्हिया देल्ले बेल्ले दोन्नेवर लोरेत्ता कापोनी बघा, बघायलाच जा, किमती वरच्या आहेत पण हाताचं काम म्हणजे काय ते कळतं. सान फ्रेदियानोतलं आन्तीको सेतिफिचो हे रेशमाचं माग-घर १७८६ पासून आहे, तिथे हातमाग अजून चालतात, पण आधी वेळ घेऊन जावं लागतं.

चिनी मातीची भांडी म्हणाल तर नाव जिनोरी, १७३५ मधे कार्लो जिनोरीने गावाबाहेर सेस्तोजवळ दोच्चाला सुरू केलेला कारखाना. सेट घेऊ नका, एक कपबशी घ्या. रोजच्या वापराला रंगीत मातीची भांडी हवी असतील तर ट्रेनने मोन्तेलूपोला जा, एम्पोलीच्या लाइनवर आहे, अर्ध्या तासाच्या आत पोचता. शतकानुशतकं ते गाव हेच करतंय, तिथल्या म्युझियममधे १५०९ सालचं एक लाल रंगाचं पसरट भांडं आहे, तसा लाल रंग त्या काळी फार कमी जणांना जमायचा. फळं ठेवायचा एक वाडगा आणा, हँडबॅगेत कपड्यांत गुंडाळून, चेक-इनमधे टाकू नका.

स्वयंपाकघरासाठी ऑलिव्हच्या लाकडाचा भाजी कापायचा पाट घ्या, रेषा एकसंध असलेला, मधे जोड नसलेला. कॉफी करायचा मोका पॉट घेणार असाल तर साधा अॅल्युमिनियमचा गॅसवर चालतो, इंडक्शनवर चालत नाही, घरी इंडक्शन असेल तर तसा वेगळा मागा. स्कार्पेरिया गावच्या सुऱ्या प्रसिद्ध आहेत, त्या मात्र चेक-इन बॅगेतच.

सान्ता मारिया नोवेल्लाचं जुनं औषधालय चुकवू नका. दोमिनिकन साधू १२२१ मधे इथे आले, औषधी झाडं लावली, आणि १६१२ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. नक्षीदार छत बघायला पैसे लागत नाहीत. तिथल्या सुगंधी मेणाच्या वड्या घ्या, साड्यांच्या कपाटात टांगायच्या, आपण कापूर आणि वाळा ठेवतो तसं.

मोठे ब्रँड व्हिया तोर्नाबुओनीवर, फेर्रागामोचं दुकान आणि तळघरातलं म्युझियम एका मध्ययुगीन महालात आहे, ते बघा. आउटलेटसाठी लोक लेच्चो गावच्या द मॉलला बसने जातात, मागच्या सीझनचा माल कमी किमतीत मिळतो, पण कमी म्हणजे तरी गुच्चीच, ८०० युरो एका पट्ट्यात आणि एका पाकिटात संपतील आणि अर्धा दिवस जाईल. चार दिवसांत मी जाणार नाही. झारा वगैरे भारतातही आहेत, सोडा.

मंगळवार सकाळ मिळत असेल तर ट्रामने काशिनेच्या बाजारात जा. नदीकाठच्या बागेत लांबच लांब गाड्या, इथल्या आज्या पिशव्या घेऊन येतात, पायजमे, चादरी, भांडी, लोकरीचे स्वेटर, दुपारी दोनपर्यंत आवरतात. सासूबाईंना हा बाजार सगळ्यात जास्त आवडेल असं माझं मत आहे, माझ्या आईला आवडला होता, भाषा येत नसताना तिने एका बाईकडून चार टॉवेल घेतले आणि दोघी बराच वेळ हातवारे करून टॉवेल कसा धुवायचा त्यावर बोलत होत्या.

बनावट ब्रँडच्या बॅगा रस्त्यावर चादर पसरून विकणारे दिसले तर लांब राहा, इथे विकत घेणाऱ्यालाही दंड होतो, ७००० युरोपर्यंत. आणि टॅक्सचं, एका दुकानात एका वेळी ७० युरोच्या वर खरेदी झाली की तुम्ही भारतात राहणारे म्हणून टॅक्स फ्री, म्हणजे टॅक्सचा परतावा मागू शकता, १ फेब्रुवारी २०२४ आधी ही मर्यादा १५४.९४ होती त्यामुळे जुन्या माहितीवर जाऊ नका. मूळ पासपोर्ट लागतो. टॅक्स २२ टक्के आहे पण परतावा देणाऱ्या एजन्सीचं कमिशन जाऊन हातात त्याहून बरंच कमी येतं. वस्तू चेक-इन बॅगेत असतील तर बॅग देण्याआधी कस्टम्सचं काम करा, एकदा बॅग पट्ट्यावर गेली की दाखवायला काही उरत नाही.

दुकानांच्या वेळा लक्षात घ्या, बरीच छोटी दुकानं सोमवारी सकाळी बंद असतात, दुपारी एक ते साडेतीन जेवायला बंद, म्हणून ओल्त्रार्नो सकाळी दहाला नाहीतर चारनंतर. पहिल्या दिवशी काहीही घेऊ नका, फक्त स्कुओला देल कुओयोत जाऊन दहा-बारा बॅगा हाताळा, वास घ्या, कडा बघा, त्यानंतर दुसऱ्या दिवशी स्टॉलवरून चालत गेलात की तुमच्या हातालाच फरक कळेल.